ताटावरून उठलेला दीर

वैनी, आज तुझ्या दाराशी आलो आणि सवयीनं नाव सांगितलं. "मी बाबल." मग आठवलं की आत कुणीच नाही. तुझं तेरावं कालच झालं. कुलपाची किल्ली माझ्याच खिशात होती. तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कारण तू आतून कडी काढेपर्यंत तेवढा वेळ लागायचाच.

ही सवय तूच लावलीस. तू कराचीहून परत आलीस तो फाळणीनंतरचा हिवाळा, आणि दोन महिन्यांत शिमगा आला. भर दुपारी वाडीतले पुरुष रंग फासून, ढोल वाजवत, "शबय, शबय" ओरडत, शिमग्याचे पैसे मागत घरोघर फिरत होते. आपल्या दारात आले तेव्हा मी त्यांच्यातच होतो. थट्टेथट्टेत कुणीतरी दारावर जोरानं थाप मारली. दार उघडलं, आणि उंबऱ्यात तू उभी. हातात कोयता. मासे कापायचा नव्हे, माडावर चढताना नेतात तो. ढोल बंद पडला. तुझ्या तोंडावर राग नव्हता, भीतीही नव्हती. कामाला निघालेल्या माणसाचं असतं तसं तोंड होतं ते. तू तो कोयता चालवला असतास, याबद्दल तिथल्या एकालाही शंका नव्हती.

माणसं पांगल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. गावात नाक कापलंस, देवाच्या नावानं आलेल्यांवर कोयता काढलास, असं बरंच काही. तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना एवढंच म्हणालीस, "भावजी, दारात इल्यार आधी नाव सांगा. मगे दार वाजवा."

तेव्हापासून सोळा वर्षं, मी वेगळं घर केल्यावरही, तुझ्या दारात नाव सांगत आलो. खरं तर बारा वर्षं. शेवटची चार मी तुझ्या दारात आलोच नाही.

त्या चार वर्षांबद्दल बोलायचंय मला. काल तेराव्याला लोक तुझी शांतता, तुझे कष्ट, तुझं सोसणं यांबद्दल बोलले. मी काही बोललो नाही. माझं तुझ्याशी भांडण आहे, ते लोकांसमोर कसं काढू?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. शेंबडं नाक आणि गुडघे फुटलेले. त्या पोराला तू पहिल्या दिवसापासून 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणालीस. मी मात्र तुला 'तू'च म्हणायचो, ते शेवटपर्यंत. दादा तुला कराचीला घेऊन गेला. तिथल्या बंदरात तो लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. बाप लवकर गेला, मला वाढवलं ते दादानंच. त्यानं कराचीहून पाठवलेले बूट घालून मी शाळेत जायचो. तारकर्लीच्या वाळूत बूट घालून चालणारा एकच मुलगा, सगळे हसायचे. मी बूट काढले नाहीत. माझा हट्टीपणा तिथूनच सुरू झाला असावा.

मग तू एकटी आलीस. मुंबईहून आगबोटीनं, आणि बोटीवरून पडावात बसून मालवणच्या धक्क्याला. दादा नाही, नऊ वर्षांची नलू नाही, सहा वर्षांचा बाळू नाही. कपाळावर कुंकू होतं. आई पुढे धावली, तुझ्या मागे बघत राहिली, पडाव रिकामा झाला तरी बघत राहिली. मग विचारलं, "ते खंय गो?" तू म्हणालीस, गर्दीत चुकामूक झाली. तिथं दंगा चाललाय, कोण कुठं गेलं ते कळत नाही. बस्स. एवढंच. त्यानंतर त्या दिवसांबद्दल तू बारा वर्षं एक अक्षर बोलली नाहीस.

आईनं ते धरलं. तुझ्या कपाळावर कुंकू होतं, म्हणजे तिचा मुलगा होता. बोटीच्या दिवशी ती धक्क्यावर जायची. आगोटीला बोटी बंद झाल्या की घरात चिडचिडायची, आणि पावसाळा सरून पहिली बोट लागली की पुन्हा जायची. पाय सुजले तेव्हा मी बैलगाडी करून दिली. सात वर्षं ती अशी गेली आणि मग एके दिवशी अंथरुणातून उठलीच नाही. शेवटी मला म्हणाली, दादा आला की त्याला सांग, मी खूप वाट बघितली.

वैनी, मी व्यापारी माणूस. डोक्यावर पाटी घेऊन सुकी मासळी विकायला सुरुवात केली, आज फोंडाघाटापर्यंत माझी गाडी जाते. समोरचा माणूस काय लपवतोय हे तोंडावरून ओळखणं, यावरच माझं पोट भरतं. तू काहीतरी लपवतेयस हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नलूचा एक झगा तू गाठोड्यातून आणला होतास. चुकामूक झालेल्या मुलीची आई तो झगा दर वर्षी वाढवून शिवेल. तू तो घडी घालून ठेवलास आणि परत कधी उघडला नाहीस.

पण तुझ्याकडून काही काढून घेणं म्हणजे काय, हे मला तुझ्याशी धंदा करताना समजलं. तू वाडीतल्या बायकांबरोबर मासळी खारवायला लागलीस आणि पहिल्याच हंगामात तुझे सुके बांगडे सगळ्यांत स्वच्छ निघाले. वाळू नाही, ओल नाही. मी भाव पाडायला यायचो. बाकीच्या बायका भांडायच्या, शपथा घालायच्या, मला शिव्या द्यायच्या. त्या सगळ्यांना मी गुंडाळायचो. तू एकदा भाव सांगायचीस आणि गप्प. उन्हात बसून बांगडे उलटत राहायचीस. मी बोलायचो, घाट सांगायचो, गाडीभाडं सांगायचो, कोल्हापूरचे लोक कसे कंजूष आहेत ते सांगायचो. बोलता बोलता माझाच भाव चढत जायचा. मग तू वर न बघता म्हणायचीस, "बोलान झाला? मगे पाटी उचला." आख्ख्या किनाऱ्यावर मला हरवणारी तू एकटी. बायकांत त्याचं हसू व्हायचं. मला राग यायचा, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तुझ्याकडेच यायचो.

साठ साली दादाला बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की त्याचं क्रियाकर्म करायचं, ही आपली रीत. पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात. मग घरच्या बाईचं कुंकू जातं. मी तुला सांगितलं. तू नाही म्हणालीस. त्याच वर्षी माझ्या मुलीचं, शकूचं, देवगडचं स्थळ मोडलं. मुलाच्या आईनं तोंडावर विचारलं, तुमच्या घरातली ती बाई सवाष्ण आहे की नाही? नक्की काय ते ठरवा आणि मग या. मी तणतणत घरी आलो. शकूचं लग्न, दादाची गती, आईची शेवटची वाट, सगळं त्या एका कुंकवाच्या ठिपक्यापाशी येऊन अडलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी देवळात कौल लावला. गुरवानं देवाला डावी-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या लावल्या. पहिल्यांदा डावीकडची पडली, म्हणजे देवाचा नकार. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा मी प्रश्नच फिरवून विचारला. विधी करू का, असं न विचारता, विधी नाही केला तर घरावर दोष राहील का, असं. उजवी पडली. मी तुझ्याकडे धावत आलो, देवानं होकार दिला म्हणून. तुला गुरवाच्या बायकोनं आधीच सगळं सांगितलं होतं.

"देवावांगडाय घासाघीस केलात?" तू म्हणालीस. आणि हसलीस. त्या घरात मी तुला मोजक्या वेळा हसताना पाहिलं, त्यातली ती एक.

पण विधीच्या दिवशी तू आलीस. मला वाटलं, जिंकलो. खाडीच्या काठी भटजींनी पानांचा माणूस मांडला होता. चांगला हातभर लांब, नारळाचं डोकं. मला त्याच्याकडे बघवेना. तू मात्र सरळ त्याच्याकडे बघत होतीस. भटजी संकल्प सांगायला लागले तेव्हा तू विचारलंस, "चेडवाक आणि झिलाक काय?" भटजी म्हणाले, नलू-बाळूएवढ्या मुलांना हा विधी नसतो.  तू वाकलीस, त्या माणसाचं डोकं उचललंस, पदराखाली घेतलंस आणि घराच्या वाटेला लागलीस. कुणीही तुला अडवलं नाही. डोकं नसलेल्या माणसाला अग्नी कसा द्यायचा हे भटजींच्या पोथीत नव्हतं.

मी भटजींची समजूत घालून, लोकांना वाटेला लावून तुझ्या दारात आलो. नाव सांगितलं, ओरडूनच. तू दार उघडलंस आणि पाट मांडलेला होता. पान वाढलेलं होतं. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं. विळीपाशी फुटलेल्या नारळाच्या दोन करवंट्या पडल्या होत्या, खवून कोऱ्या केलेल्या. मला काही विचारायची गरजच पडली नाही.

"नारळ तो," तू म्हणालीस. "तुमचो भाऊस नाय. जेवा."

मी पाटावर बसलो होतो, का ते माहीत नाही.  तू माझ्यासमोर बसलीस आणि बारा वर्षांनी बोललीस.

"पानांचो माणूस कित्याक होयो? मी तेंका बघितलंय. तिघांकय."

कसे मारले गेले, ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. वरच्या माळ्यावरच्या फटीतून बघितलं, एवढंच म्हणालीस. शेजारच्या अमिनानं तुला ओढून तिच्या माळ्यावर नेलं होतं. मुलं दादाकडे होती, दुसरी खेप करायला तिला वेळ मिळाला नाही. अमिनाचं माहेर रत्नागिरीकडचं, तिचा नवराही लाँचवर, तुम्ही दोघी एकाच विहिरीवर आपल्या बोलीत बोलायचात. तिनं स्वतःच्या पदरानं तुझं कुंकू पुसलं आणि हातातल्या बांगड्या फोडल्या. खाली आलेल्या माणसांना सांगितलं, वर माझी बहीण आहे, बाळंतीण आहे, वर जायचं नाही. अकरा दिवस ती दारात बसून होती. बाराव्या दिवशी तुला बुरख्यातून धक्क्यावर आणलं. तिथं बोटीच्या शिडीपाशी तिनं गाठीतून कुंकू काढलं. आपल्या बोटानं तुझ्या कपाळावर लावलं. म्हणाली, मी पुसलं होतं, मीच लावते. अशीच घरी जा.

"मगे ह्या कुकू दादाचा नाय?" मी विचारलं.

"तेंचा तेंच्यावांगडा गेला," तू म्हणालीस. "ह्या अमिनाचा. ह्या पुसूचा नाय."

वैनी, आज लिहिताना मला यातला शब्द न् शब्द कळतो. त्या दुपारी मला एकच गोष्ट कळली. तुला माहीत होतं. सात वर्षं माझी आई सुजल्या पायांनी धक्क्यावर जात होती, आणि तिला हाताला धरून गाडीत बसवणारी तू, तुला माहीत होतं.

मी ते तुझ्या तोंडावर बोललो. "आवस धक्क्यार जाय होती, आणि तू गप रवलंस?"

तू खाली बघितलं नाहीस. "तेंका खंयतरी जावक होया होता," म्हणालीस.

मी उठलो. वाढलेल्या ताटावरून, एक घास न घेता. आपल्याकडे वैऱ्याच्या घरचंही ताट कुणी असं टाकत नाही. जाताना मी म्हणालो, या घरात पुन्हा जेवणार नाही.  तुझी ती गप्प राहायची रीत मला ठाऊक होती. भाव सांगून झाला होता.

चार वर्षं. शकूचं लग्न दुसरीकडे जमलं, तुला आमंत्रण माझ्या बायकोनं दिलं, तू आली नाहीस, अहेराची साडी पाठवलीस. तुझे बांगडे मी दुसऱ्याकडून घेत होतो, चढ्या भावानं, आणि ते तुझे आहेत हे ठाऊक असूनही. रस्त्यात दिसलीस तर तू थांबायचीस, मी चालत राहायचो. मनात भांडण रोज चालू होतं. तू आईला सात वर्षं जगवलंस, असं एक मन म्हणायचं. तू तिला सात वर्षं फसवलंस, असं दुसरं. मी दोघांनाही कधी हरू दिलं नाही.

आता ते सांगतो जे काल कुणालाच सांगितलं नाही.

मी फोंडाघाटाला होतो. गाडीवाल्यानं निरोप आणला, तुझ्या शेजारच्या जनाकाकीनं दिलेला. वैनी आजारी आहे, आणि तिनं सांगितलंय, "भावजींका सांग, जेवूक येवा." मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. सोळा वर्षांत तू पहिल्यांदा भावातून उतरली होतीस. आणि वैनी, माझ्या धंद्याचा नियम आहे, पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही. समोरच्याला गरज आहे हे एकदा कळलं की थांबायचं, दुसरी बोली चांगलीच येते. मी गाडीवाल्याला म्हणालो, बघतो. मासळी विकून व्हायची होती, हेही खरं. पण मी थांबलो ते दुसऱ्या निरोपासाठी.

दुसरा निरोप तिसऱ्या दिवशी आला. तो तुझा नव्हता.

जनाकाकीनं मला नंतर सांगितलं. तिन्ही दिवस अंगात ताप असताना तू चुलीपाशी बसलीस. दुपारी दोन पानं मांडायचीस. बऱ्याच उशिरा एक पान काढून ठेवायचीस. जनाकाकी म्हणाली, आणखी एकदा निरोप धाडू काय? तू म्हणालीस, भाव एकदाच सांगायचा.

मी पोचलो तेव्हा तुला न्हाऊ घालून ठेवलं होतं. बायका खोळंबल्या होत्या. ओसरीवर वाडीतले पुरुष, भटजी. कुणी माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतं, कारण सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता आणि तो सोडवायला घरचा पुरुष मी एकटा होतो. शेवटी जनाकाकी दारात आली.

"बाबल, हिका कशी न्हेवची? कुकू लावन, की पुसान?"

सवाष्णीला हिरवी साडी नेसवून, कुंकू लावून, ओटी भरून नेतात. विधवेचं तसं काही नसतं. भटजी म्हणाले, बाबल, तूच बारा वर्षं सरल्यावर विधी मांडला होतास, आता तोंड फिरवलंस तर लोक काय म्हणतील? त्यांचं बरोबर होतं. ते कुंकू पुसावं म्हणून आख्ख्या वाडीत सगळ्यांत जास्त मी भांडलो होतो.

मी आत गेलो. तुझ्या कपाळावर न्हाताना धुऊन गेलेल्या कुंकवाची फिकट खूण होती.

"लावा," मी म्हणालो.

"कोणाच्या नावान?" जनाकाकीनं विचारलं. ओसरीवरही ऐकू गेलं ते.

"अमिनाच्या."

"ती कोण?"

"सांगतंय. आधी लावा."

तिनं लावलं. मग मी ओसरीवर येऊन बसलो आणि सगळ्यांना सांगितलं, विहीर, माळा, अकरा दिवस, बोटीची शिडी. मी बोलत होतो तोवर कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. भटजी उठून गेले. मंत्र त्यांच्या पुतण्यानं म्हटले. उठून गेले म्हणून भटजींना मी दोष देत नाही. हिरव्या साडीत, मोठं कुंकू लावून तू गेलीस. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिच्या नावाचं.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. आईच्या बाबतीत मी तुला माफ केलेलं नाही. तू बरोबर असशील, पण मला विचारायला हवं होतंस. मी तेवढा वाईट माणूस नव्हतो. मी रात्री रडलो असतो आणि सकाळी आईला गाडीत बसवलं असतं. तू एकटीनं ते ओझं वाहिलंस आणि मला फक्त राग ठेवलास. हे भांडण मी पुढेही चालू ठेवणार आहे, तू आता उत्तर देत नसलीस तरी. आधीही कुठं देत होतीस?

आज दुपारी तुझं घर उघडलं. तीच विळी, तोच पाटा. बायकोला मी येऊ दिलं नाही. माडाखालचा नारळ सोलला, खवला, बोट कापून घेतलं. वाटाणे रात्री घरी भिजवून आणले होते. खोबऱ्याचं वाटप कसं लावतात ते जनाकाकीला कुंपणावरून ओरडून विचारत होतो. ती म्हणाली, येऊन करून देते. मी नको म्हटलं. भात खाली लागला. मी त्याच जागी पाट मांडला, दोन पानं घेतली. एक तुझं.

सांबाऱ्यात मीठ कमी होतं. काही बोललो नाही. पान पुसून जेवलो, वैनी.